बाईंचं ट्रेडिंग आणि आमचं संशोधन

आमच्या बिझनेस स्कूलमध्ये संशोधन सुरू झालं ते एका सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी. तोवर आम्ही नुसतं शिकवत होतो आणि त्यात कुणाला काही कमी वाटत नव्हतं. पण कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. समिती म्हणे आधी ग्रंथालय बघते, मग स्वच्छतागृहं बघते आणि मग विचारते, "रिसर्च काय?" पहिल्या दोन गोष्टींना रंग मारता येतो. तिसरीसाठी माणसं लागतात, म्हणून डायरेक्टर सरांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं.

डायरेक्टर सर आमच्याकडे यायच्या आधी एका बँकेत क्रेडिट कार्डं विकणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. माणूस मनाने वाईट नव्हता. शिपायापासून सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्या लक्षात असायचे. फक्त जगातली कुठलीही गोष्ट महिनाअखेरीपर्यंत होऊन जाते असा त्यांचा आजवरचा अनुभव होता, आणि संशोधनाकडेही ते त्याच नजरेने बघत होते.

"प्रत्येकाने वर्षाला दोन पेपर द्यायचे," ते म्हणाले. "चांगल्या जर्नलमध्ये. टेन्शन घेऊ नका. लिहायला बसलं की होतं."

मी फायनान्स शिकवते. कंपन्यांच्या लाभांश धोरणावर माझी पीएच.डी. आहे. मला धरून ती तीन माणसांनी वाचली असावी, आणि त्यातल्या एकाबद्दल मला शंका आहे.

त्या सोमवारनंतर स्टाफरूमचा नूरच पालटला. मार्केटिंगच्या सरांनी 'तुम्ही तुमच्या शिक्षकांबाबत समाधानी आहात का' अशी प्रश्नावली आपल्याच विद्यार्थ्यांकडून भरून घेतली, तीही अंतर्गत गुण द्यायच्या आदल्या दिवशी. सगळे समाधानी निघाले. एचआरच्या मॅडमनी आपल्या जुन्या पेपराच्या शीर्षकाला 'नवी मुंबईच्या विशेष संदर्भात' एवढं शेपूट जोडून तो नवा केला. एका तरुण सरांना कुणीतरी फोनवर सांगितलं की पैसे भरा, पेपर आठवड्यात छापून देतो, विषय तेवढा कळवा. त्यांनी विषय कळवला, आणि पेपर खरंच आला. तो कशावर आहे हे ते स्वतः आम्हाला वाचून समजावत होते.

माझ्या वाट्याला मात्र खरंखुरं काम आलं. शेअर खरेदी-विक्रीचं मोबाइल ॲप चालवणाऱ्या एका कंपनीने समाजकार्याच्या निधीतून आमच्या कॉलेजला पैसे देऊ केले होते. नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये शनिवारी दुपारी गुंतवणुकीची शिबिरं घ्यायची, शेवटी जेवणाचं पाकीट द्यायचं, आणि या शिबिरांचा लोकांवर काय परिणाम झाला ते शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजायचं. मोजायची जबाबदारी माझी.

"परिणाम चांगलाच असणार," डायरेक्टर सर म्हणाले. "तुम्ही फक्त तो मोजा."

जोडीला संख्याशास्त्राचे सर दिले. ते रत्नागिरीकडचे, निवृत्तीला टेकलेले. बोलायचे कमी, आणि बोलायचे ते समोरच्याला घरी गेल्यावर लागेल असं. पहिल्याच बैठकीत त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "शिबिराला आलेली माणसं पुढे शहाणी निघाली, तर ती शिबिरामुळे शहाणी झाली की मुळातच शहाणी होती म्हणून आली, हे कसं कळणार? तुलनेला शिबिर न मिळालेली माणसंही हवीत. आणि शिबिर कुणाला मिळेल, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं."

डायरेक्टर सरांना हे काही पटेना. "ज्यांना शिकवायचंच नाही, त्यांच्याकडे जाऊन करायचं काय?"

"प्रश्न विचारायचे."

"न शिकवता परीक्षा घ्यायची?"

"आपल्याकडे चालते तशीच," सर म्हणाले.

तयार झालेल्या सोसायट्यांच्या चिठ्ठ्या आम्ही स्टाफरूममधल्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या आणि अर्ध्या काढल्या. त्यातून वाशीतल्या बऱ्याचशा सोसायट्यांना शिबिर मिळालं. राहिलेल्यांमध्ये खाडीकाठच्या एका गावठाणातली इमारत होती. दोन दिवसांनी त्या इमारतीचे मालक कॉलेजात हजर झाले. कधीकाळी त्यांच्या घरची तिथे भातशेती होती. आता त्या जागी त्यांची चार मजली बिल्डिंग होती, भाडेकरूंनी गच्च भरलेली, आणि गावात त्यांना सगळे दादा म्हणत.

"मॅडम, आमच्या बिल्डिंगला शिबिर का नाय?"

"दादा, चिठ्ठी टाकली होती. तुमची बिल्डिंग कंट्रोल ग्रुपमध्ये आलीय."

शब्द तोंडातून गेला आणि दादांचा चेहरा बदलला.

"कंट्रोल? आमी काय रेशनचं, कंट्रोलचं धान्य खातो? वाशीवाल्यांना शिकवनार, आनि आमी कंट्रोलवाले? हितल्या जमिनी कोनाच्या व्हत्या, म्हायती हाय ना?"

मी पाणी मागवलं. मदतीला संख्याशास्त्राचे सर धावून आले, तेही अगदी उत्साहाने. "अहो, नवीन औषधाची चाचणी करताना कसं असतं, काही लोकांना औषध देतात आणि काही लोकांना..."

"म्हंजे त्यांना औषध नि आमाला पानी?"

"बरोब्बर!" सर म्हणाले. एवढ्या चटकन समजणारा विद्यार्थी त्यांना बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता.

दादांची समजूत काढायला अख्खी दुपार गेली. शेवटी तडजोड झाली ती अशी, की भाषण नसलं तरी जेवणाची पाकिटं त्यांच्या बिल्डिंगलाही मिळतील. "जेवन सेम पायजेल," दादांनी जाताना बजावलं. "वाशीला पनीर नि आमाला कोबी, असं नाय चालनार." ते गेल्यावर सर म्हणाले की हे उलट उत्तम झालं, आता दोन्हीकडे जेवण आहे, फरक राहिला तो फक्त भाषणाचा. डायरेक्टर सरांना मात्र नुसत्या जेवणाचं बिल समाजकार्यात कसं बसवायचं हे शेवटपर्यंत समजलं नाही.

वाशीतलं पहिलं शिबिर मला नीट आठवतं. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. कंपनीचा ट्रेनर गालाला माइक चिकटवून आला होता. तिशीचाही नसेल. आल्या आल्या त्याने दोन्ही हात उंचावून विचारलं, "कोणाकोणाला श्रीमंत व्हायचंय?"

सगळे हात वर गेले. फक्त पहिल्या रांगेत बसलेल्या एका वयस्कर बाईंनी हात वर केला नाही.

"आंटी, तुम्हाला नाही व्हायचं?"

"आधी प्रश्न नीट विचार," त्या म्हणाल्या. "श्रीमंत म्हणजे किती?"

त्या एका मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना बाई म्हणायचे. यजमान गेलेले, एकुलती लेक बंगळूरला. त्यांनी शिबिरभर टिपणं काढली. महागाई, चक्रवाढ, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण विद्यार्थ्याने वर्गात कसं बसावं हे दाखवायलाच त्या आल्या होत्या जणू. माझं विम्यावरचं अर्ध्या तासाचं भाषण बाकीच्यांनी सहन केलं. बाईंनी ते ऐकलं, आणि एक उच्चार सुधारला.

शेवटच्या थोड्या वेळात ट्रेनरने सगळ्यांना मोबाइल बाहेर काढायला सांगितलं. तेवढ्यात ॲप उतरवून, खातं उघडून, पहिला सौदा कसा करायचा ते दाखवून झालं. आमच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. कंपनीशी झालेल्या करारात होतं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी आमच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन दोन्हीकडच्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. माहिती संगणकात भरून झाल्यावर संख्याशास्त्राच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काही नाही," ते म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"बचत वाढली? नाही. विमा काढला? नाही. व्याजाचं गणित जास्त कळायला लागलं? नाही. शिबिर ऐकून जेवलेले आणि नुसते जेवलेले, यांच्यात काडीचा फरक नाही."

मी खुर्चीत बसले. शोधनिबंधातल्या कोष्टकात आकड्यांशेजारी छोटे तारे छापतात. जितके तारे जास्त, तितकी तो आकडा योगायोगाने आलेला असण्याची शक्यता कमी. आमच्या कोष्टकात वरपासून खालपर्यंत एकही तारा नव्हता. मग सरांनी पेन्सिलीने शेवटच्या दोन ओळी दाखवल्या. तिथे तीन-तीन तारे होते. शिबिराला आलेली माणसं 'मला बाजार समजतो' असं जास्त ठामपणे म्हणत होती. आणि ऑप्शनचे सौदे, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर थोड्या दिवसांसाठी लावलेली पैज, हे तीच माणसं कितीतरी जास्त करत होती.

"फायद्यात आहेत?" मी विचारलं.

"बहुतेक सगळे तोट्यात," सर म्हणाले. "आपण त्यांना काही शिकवलं नाही. फक्त धीर दिला."

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. "तुमच्या विद्यार्थिनीला मी सगळी उत्तरं दिली, पण तुम्ही स्वतः येऊन बघा. तुमच्या शिबिराचं चीज झालंय."

मी गेले. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर एक टॅबलेट उभा केलेला, शेजारी मोबाइल, आणि भिंतीवर बाईंच्या सुबक अक्षरातलं वेळापत्रक. बाजार उघडला की पहिला तास. मग मधली सुट्टी, त्यात वरणभाताचा कुकर. दुपारी उजळणी. दूधवाल्याला आणि कामवालीला ताकीद होती की तास चालू असताना बेल वाजवायची नाही. मी बसले तर बाईंनी मलाही खुणेने गप्प केलं, कारण काहीतरी चढत होतं. मग ते पडलं. बाईंनी शांतपणे डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"बाई, एकूण नफा झालाय की तोटा?"

"सध्या शिकण्याचा काळ आहे."

"पैसे कुठून आणलेत?"

"एक मुदत ठेव मोडली. मग दुसरी. तुम्हीच सांगितलंत ना, जोखमीशिवाय परतावा नाही."

"सांगितलं होतं. पण जोखीम घेतली की परतावा मिळतोच, असं नव्हतं सांगितलं."

बाईंनी माझ्याकडे, मध्येच बोलणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. "तुम्ही फायनान्सच्या प्रोफेसर. तुम्ही स्वतः कशात घालता पैसे?"

"पीपीएफ," मी म्हणाले.

"बघा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरी कणव होती. मला त्यांनी चहा दिला, लाडू दिला, आणि थोडं धाडस करत जा असा सल्ला दिला. मी खाली उतरून गेटपाशी उभी राहिले तेव्हा लाडू अजून हातातच होता. कोष्टकातल्या त्या शेवटच्या ओळीत कोण आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं होतं, आणि तिथून पुढे मला तो प्रकल्प नुसता मूल्यांकनाचा वाटेना.

मी डायरेक्टर सरांकडे गेले आणि परिणाम शून्य आहे असं सांगितलं.

"शून्य हा काय परिणाम झाला? समितीला शून्य दाखवायचं?" मग त्यांची नजर कोष्टकावर गेली. तारे मोजायचे असतात, एवढं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. "हे काय मग! तीन-तीन आहेत की!"

"सर, ते चुकीच्या जागी आहेत. लोक पैसे घालवतायत."

"मॅडम, तारे ते तारे."

कंपनीला हे दाखवायचं तेव्हा मी घाबरले होते. आपल्या शिबिरांनी लोकांचं नुकसान केलं, हे कुणाला ऐकायला आवडेल? कंपनीचे अधिकारी आले, मी एकेक स्लाइड पुढे सरकवत गेले, आणि त्या शेवटच्या ओळीवर आल्यावर ते खुर्चीत सरसावले.

"म्हणजे शिबिरानंतर लोक ट्रेडिंग जास्त करतात, हे सायंटिफिकली सिद्ध झालं?"

"हो, आणि तोट्यात जातात."

"तो भाग मार्केटचा आहे. पण ट्रेडिंग आपल्यामुळे वाढलं ना?" त्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. डायरेक्टर सरांकडे वळून ते म्हणाले की आजवर इतक्या कॉलेजांना पैसे दिले, पण उपयोगाचा निष्कर्ष पहिल्यांदाच मिळाला. पुढची फेरी मोठी करू. पनवेल घेऊ, उरण घेऊ.

मी म्हणाले, "या निष्कर्षाचा सरळ अर्थ, शिबिरं थांबवावीत असा आहे."

मग डायरेक्टर सर प्रेमाने म्हणाले, "मॅडम थकल्यात. खूप मेहनत घेतलीय त्यांनी."

संख्याशास्त्राच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. "आपण पेपर लिहू. आहे तसा." आम्ही लिहिला आणि एका जर्नलला पाठवला. तिथल्या परीक्षकाने कळवलं की यात नवीन काही नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे. दुसऱ्या जर्नलच्या परीक्षकाने कळवलं की या निष्कर्षावर विश्वास ठेवणं अवघड आहे. "या दोघांची एकदा भेट घालून द्यायला हवी," सर म्हणाले, आणि त्यांनी तिसरं जर्नल शोधायला घेतलं.

पण पेपर कधी छापून येणार, आणि आला तरी वाशीत तो कोण वाचणार? ज्यांच्यावर लिहिलाय त्यांना तरी सांगावं, म्हणून मी बाईंच्या सोसायटीच्या सभेत वेळ मागितली. रविवारची सकाळ होती. पार्किंगचं भांडण उरकल्यावर मला बोलू दिलं. मी कोष्टकं वगैरे काही नेलं नव्हतं. साध्या मराठीत सांगितलं, की आमच्या शिबिराने तुमचं ज्ञान वाढलं नाही, बचत वाढली नाही, फक्त सौदे वाढले, आणि सौदे करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पैसे घालवले. आम्ही ज्यांना काहीच शिकवलं नाही, ते तुमच्यापेक्षा बरे आहेत.

मग मागून एका गृहस्थांनी हात वर केला. "मग मॅडम, आता कुठला शेअर घ्यायचा?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "जे तोट्यात गेले, ते नवखे होते म्हणून गेले का?"

"नाही बाई. जुने होते तेही गेले."

"अभ्यास करणारे?"

"तेही."

बाईंनी चष्मा पर्समध्ये ठेवला आणि चहा यायच्या आत त्या उठून गेल्या. सगळ्यांसमोर मी त्यांना नापास केलं होतं, असं मला वाटलं. नंतर मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. तोवर कंपनीची पुढची फेरी सुरू झाली होती आणि विम्याचं भाषण अजून माझ्याकडेच होतं. मग एके दिवशी बाईंचाच फोन आला.

"शनिवारी उरणला शिबिर आहे ना तुमचं? मला यायचंय."

"बाई, परत?"

"गाडीत जागा आहे का, तेवढं सांगा."

कॉलेजच्या गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. कंटेनरच्या ट्रेलरांमागून आमची गाडी रांगत होती आणि बाई बाहेर बघत होत्या. शिबिराबद्दल एक शब्द नाही. उरणला बाजारापाशी एक हॉल घेतला होता. कंटेनर यार्डात कामाला असलेले तरुण आले होते, मासळी विकून आलेल्या बायका होत्या, जमिनीचे पैसे हातात आलेली काही कुटुंबं होती. ट्रेनर तोच. माइकही तोच.

"कोणाकोणाला श्रीमंत व्हायचंय?"

हात वर गेले. बाई उभ्या राहिल्या.

"मला बोलायचंय."

"आंटी, क्वेश्चन-आन्सर शेवटी आहे."

"बाई म्हण," त्या म्हणाल्या. "आणि खाली बस."

तो बसला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. गालाला माइक चिकटवलेला, कंपनीचा शर्ट घातलेला तो मुलगा गुडघे जवळ घेऊन पुढच्या खुर्चीवर बसला. बाईंना माइकची गरज नव्हती.

"मी शाळेत गणित शिकवलं," त्यांनी सुरुवात केली. "याच मुलाच्या शिबिरात मी हे ट्रेडिंग शिकले. सुरुवातीला मला थोडा फायदा झाला, आणि तिथेच घात झाला. मला वाटलं, हे मला येतं. मग गेलेले परत मिळवायला आणखी घातले. माझ्या यजमानांनी माझ्यासाठी ठेवलेल्या ठेवी मी मोडल्या. लेकीला सांगितलं नव्हतं. या आठवड्यात सांगितलं. ती रडली. मी रडले नाही, कारण मला राग आला होता. मुलांना मी म्हणायचे, गणित सुटत नसेल तर पेन्सिल खाली ठेव आणि पुन्हा वाच. मी मात्र ठेवली नाही."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर सावरत विचारलं, "मंग ह्यांना काय मिलतं यातून?"

"प्रत्येक सौद्यामागे कमिशन."

"आमी हारलो तरी?"

"हरलात तरी."

हॉलमध्ये कुजबुज उठली. ट्रेनर उठायला लागला, बाईंनी नुसता तळहात दाखवला आणि तो पुन्हा टेकला. "शिकायचं असेल तर जरूर शिका," त्या म्हणाल्या. "महागाई शिका, व्याज शिका, या मॅडम विम्याचं चांगलं सांगतात, थोडं लांबवतात एवढंच. पण शिकवणाऱ्याने शेवटी तुमचा मोबाइल बाहेर काढायला सांगितला, की घरी जायचं."

हे सगळं ऐकून अख्खा हॉल उठून गेला असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. बऱ्याच जणांनी पाकिटं घेतली आणि ते गेले. मासळीवाल्या बायका तर एकजात गेल्या. पण सात-आठ तरुण मागे थांबले आणि खातं कसं उघडायचं ते ट्रेनरला विचारायला लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ही पोरं पहिल्या महिन्यात जिंकतील बघा," एवढंच त्या मला म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी माझा हात धरला. "अगं, त्या दिवशी सभेत तुझा राग आला होता मला." पहिल्यांदाच त्यांनी मला अगं म्हटलं. "तुझ्या त्या पेपरात मी कुठे आहे गं?"

"नावं नसतात बाई त्यात. तुम्ही सरासरीत आहात."

"सरासरीत?" त्यांना ते फार झोंबलं. "आयुष्यात कधी सरासरीत नव्हते मी." आणि मग त्यांना हसू आलं. ते पार वाटेतलं जासई गाव ओलांडेपर्यंत थांबलं नाही.

सोमवारी डायरेक्टर सरांनी बोलावलं. कंपनीचा फोन येऊन गेला होता. "कोण होत्या त्या?"

"आपल्या प्रतिसादक, सर. अभ्यासातल्या."

"प्रतिसादकांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, मॅडम." कंपनीने करार थांबवला. ब्रँडला धोका, असं त्यांनी ई-मेलमध्ये लिहिलं होतं. मला संशोधन समितीतून काढून वेळापत्रक समितीत टाकलं. तिथे मी सुखात आहे. वर्ग, बाक आणि तास यांच्यात कुणी तारे शोधत नाही.

पेपर तिसऱ्या जर्नलने घेतला. तो स्वीकारल्याचं कळताच डायरेक्टर सरांनी आपलंही नाव घालावं अशी इच्छा बोलून दाखवली. संख्याशास्त्राचे सर म्हणाले, "अवश्य. फक्त मग निष्कर्षाखाली तुमचंही नाव येईल, सर. एकदा वाचून घ्या." त्यांनी वाचला. मला वाटतं, आमच्या कॉलेजातला त्यांनी वाचलेला तो पहिलाच पेपर. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं की तरुणांना पुढे येऊ द्यावं असं त्यांचं मत आहे. त्या तरुणांमध्ये एकजण त्या वर्षी निवृत्त झाला.

मूल्यांकन समिती आली. ग्रंथालय बघितलं, स्वच्छतागृहं बघितली, आणि मग प्रवेशदाराजवळच्या मोठ्या फलकापाशी थांबली. त्यावर 'समाजाभिमुख संशोधन' असं लिहून खाली उरणचा मोठा फोटो लावला होता. बाई उभ्या, हात उंचावलेला, तोंड उघडं. समोर ट्रेनर खुर्चीत आकसून बसलेला. ओळ होती: 'शिबिरात ज्येष्ठ नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग.' समितीचे अध्यक्ष तो फोटो बराच वेळ बघत होते. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "हे असं हवं." आम्हाला चांगली श्रेणी मिळाली, डायरेक्टर सरांनी केक कापला आणि पहिला तुकडा मला भरवला. त्यात कसलाही डाव नव्हता. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

त्या फोटोची एक प्रत मी बाईंना नेऊन दिली. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि साडीच्या निऱ्या नीट नव्हत्या म्हणाल्या. उरलेले पैसे त्यांनी परत मुदत ठेवीत टाकलेत. लेक दर रविवारी फोनवर चौकशी करते, त्याचा त्यांना कंटाळा येतो, पण फोन उचलतात. सोसायटीच्या कमिटीवर निवडून आल्यापासून पार्किंगवाले त्यांना घाबरून असतात.

परवा वाशीच्या बाजारात भेटल्या. हातात मेथीच्या जुड्या होत्या. "आज मार्केट पडलं," त्या म्हणाल्या. "मला काय त्याचं म्हणा." आणि मग ते किती पडलं, कधीपासून पडायला लागलं आणि मधल्या वेळात कुठे सावरलं होतं, हे सगळं त्यांनी मला तिथेच उभं राहून सांगितलं. मी ऐकून घेतलं. ते ॲप अजून मोबाइलवर आहे का, एवढं मात्र विचारलं नाही.